भोगावती नदी (राधानगरी–दाजीपूर परिसर)

कोल्हापूर जिल्ह्यातील नदी. पंचगंगेच्या घटक नद्यांपैकी सर्वांत मोठी. उगम सह्याद्रीत, दाजीपूरच्या बाजूला. राधानगरी व करवीर तालुक्यांतून वाहत ती तुळशी आणि कुंभी यांचे पाणी घेते आणि प्रयाग चिखलीजवळ कासारीला मिळते. तिथून पुढे प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. तिचे वरचे खोरे राधानगरी अभयारण्याच्या कुशीत आहे. याच नावाच्या दुसऱ्या नद्या पेणजवळ (जि. रायगड) आणि सोलापूर जिल्ह्यात (सीनेची उपनदी) आहेत. खुद्द कोल्हापुरात नुसते ‘भोगावती’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला आधी परिते गावचा याच नावाचा साखर कारखाना आठवतो आणि मग नदी.

नाव : संस्कृतात ‘भोग’ म्हणजे उपभोग, तसेच सापाचे वेटोळे किंवा फणा. पुराणांत भोगवती ही पाताळातील नागांची नगरी आहे आणि पाताळगंगेलाही हे नाव दिलेले आढळते. पन्हाळ्याचा शिलाहार राजा भोज आणि नदीकाठचे जुने बीड गाव (पावसाळ्यात इथल्या मातीतून सोन्याची बारीक नाणी वर येतात, म्हणून प्रसिद्ध) यांच्यामुळे नदीचे नाव भोजाशी जोडण्याचा मोह होतो. पण ‘भोज’चे ‘भोग’ होणे ध्वनिनियमांत बसत नाही, शिवाय पेण-सोलापूरच्या भोगावतींचा या राजाशी संबंध लावता येत नाही. वळणे घेत जाणारी, नागासारखी नदी हा अर्थ अधिक सरळ वाटतो.

पाचवी नदी कोणती? : पंचगंगा म्हणजे पाच नद्या : कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. ही यादी कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. नकाशावर मात्र चारच नद्या सापडतात. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरनेही चारच प्रवाह मोजून, पाचवी सरस्वती जमिनीखालून येते अशी लोकांची समजूत असल्याचे नोंदवले आहे. हा पेच सोडवण्यासाठी धामणीला पाचवी धरावे, तर ती कुंभीचीच उपनदी. मग इतर ओढ्यांनी काय पाप केले? उत्तर बहुधा संगमाच्या नावात आहे. जिथे ‘प्रयाग’ आले तिथे गुप्त सरस्वती ओघानेच येते, उत्तरेतल्या प्रयागाप्रमाणे. काशीच्या पंचगंगा घाटावरही पाच नद्या मोजतात आणि त्यांतही सरस्वती आहेच. तेव्हा पाचाचा आकडा तीर्थाच्या कल्पनेतून आला, जलविज्ञानातून नव्हे, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. भूगोलाच्या अंगाने पाहिले तर पंचगंगा ही भोगावतीचीच पुढची वाट आहे.

धरण : नदी पाहायला जाणारा माणूस राधानगरीत प्रत्यक्षात तलाव पाहतो. फेजिवडे येथील धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले. कामाच्या आरंभाचे वर्ष १९०७, १९०८ आणि १९०९ असे तीन तऱ्हांनी दिले जाते. योजना ठरणे, वसाहत वसवणे आणि पाया खणणे यांतले कोणते टोक धरायचे, एवढाच तो वाद असावा. कन्या राधाबाई यांच्यावरून गावाचे नाव राधानगरी आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यावरून जलाशयाचे नाव लक्ष्मी तलाव पडले. १९१८ मध्ये भिंत सुमारे ४० फूट उंच झाली असता काम थांबले. ते पूर्णत्वाला गेले स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. साठवण ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट).

धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा जिल्ह्यात दर पावसाळ्याचा विषय असतो. तलाव ३४७.५० फुटांवर भरला की पाण्याच्या जोरानेच दरवाजा वर होतो आणि पातळी उतरली की आपसूक मिटतो. ना वीज लागते, ना माणूस. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते. ‘सहा नंबरचा उघडला’ एवढे वाक्य कानी आले, की खाली शिंगणापूर-चिखलीची माणसे गोठ्यातली जनावरे कुठे हलवायची याचा विचार करू लागतात. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी मानतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले होते.

धरणाखाली नदीवर तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी, कोगे असे बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून राज्यभर गेलेला प्रकार तो हाच : पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालायचे आणि मृगाच्या आधी काढून घ्यायचे.

अभयारण्य : संस्थानी काळातील हे शिकारीचे रान. १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून घोषित, १९८५ मध्ये विस्तारून राधानगरी अभयारण्य (३५१.१६ चौ.किमी.). २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला दक्षिणेकडील जंगलांशी जोडणारा हा दुवा आहे. मुख्य प्राणी गवा. त्याला ‘बायसन’ म्हणणे चूक आणि ‘गवा रेडा’ म्हणणेही चूकच. तो रानगुरांपैकी आहे, म्हशींपैकी नव्हे. काळपट अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय ही ओळख. सकाळ-संध्याकाळ सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) गवतात कळप उतरतो. तो मान वर करून पाहू लागला तर गाडी तिथेच थांबवावी. शेकरू, अस्वल, बिबट्या हेही येथे आहेत. वनस्पतींत जांभूळ, हिरडा, अंजनी, कारवी.

भेट : कोल्हापूर–फोंडा घाट मार्गावर राधानगरी सुमारे ५५ किमी., दाजीपूर सुमारे ८० किमी. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. ऑक्टोबरअखेर ते मे हा जाण्याचा काळ. दाजीपूरहून आत जाणारा रस्ता कच्चा, खाचखळग्यांचा असल्याने स्थानिक जीप घेणे बरे. ठक्याचा वाडा, सावराई सडा ही नेहमीची ठिकाणे. कड्याच्या टोकावरून खाली कोकण दिसते. पावसात आलेले लोक अभयारण्य सोडून राऊतवाडीच्या धबधब्याकडे वळतात. लक्ष्मी तलावातील टेकडीवर शाहूकालीन ‘बेनझीर व्हिला’ आहे. एरवी चहूकडून पाणी असते, पण कडक उन्हाळ्यात तलाव आटला की चिखल वाळलेल्या तळातून तिथवर पायी जाता येते.