लंडन ब्रिज चुकून विकत घेतला गेला नव्हता

अमेरिकन उद्योजक रॉबर्ट मॅककुलक यांनी टॉवर ब्रिज समजून चुकून लंडन ब्रिज घेतला, हा किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. तो खोटा आहे. 1968 साली साडेचोवीस लाख डॉलरच्या आसपास विकला गेला तो 1831चा दगडी पूल. तो हळूहळू नदीत खचत होता. दर्शनी दगडांवर क्रमांक घालून ते अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासू सिटीत नेले आणि नव्या काँक्रीटच्या सांगाड्यावर बसवले. एवढा खटाटोप चुकून होत नसतो! मॅककुलक आणि विक्री जुळवणारे आयव्हन लकिन, दोघांनीही ही गोष्ट नाकारली होती.

दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा तो टॉवर ब्रिज, 1894चा. पायी ओलांडायला तिकीट नाही. ते वरच्या काचेच्या मार्गासाठी आणि इंजिनघरासाठी. जहाजांनी 24 तास आधी कळवले तरच तो उघडतो, म्हणून वेळा संकेतस्थळावर पाहून निघा. ‘लंडन ब्रिज’ स्टेशनाजवळ दिसतो तो 1973चा साधा पूल. तरीही टॉवर ब्रिज पाहायला तिथेच उतरा: बरो मार्केटमध्ये खा (सोमवारी बंद) आणि थेम्स नदीच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे टॉवर ब्रिजपर्यंत चालत जा. पूल ओलांडला की परतताना टॉवर हिल स्टेशन जवळ पडते.