एक फाईल, चार कामं : मार्कअप म्हणजे काय आणि त्याचे पैसे का द्यायचे

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी "पुस्तक वेबसाईटवर टाकायचंय" किंवा "मशीनचं मॅन्युअल मोबाईलवर नीट दिसायला पाहिजे" एवढंच सांगून पेनड्राईव्ह हातात ठेवतात, त्यात एक पीडीएफ असते आणि बस. मग आम्ही विचारतो मूळ फाईल कुठंय, आणि कोटेशनमध्ये 'मार्कअप' अशी एक ओळ येते, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की हे आता काय नवीन काढलंत. म्हणून हे माहितीपत्रक.

वर्डमध्ये तुम्ही धड्याचं नाव टाईप करता, बोल्ड करता, साईझ १८ करता, मध्ये घेता. तुम्हाला तो मथळा दिसतो, कॉम्प्युटरला मात्र ती नुसती जाड अक्षरांची ओळ आहे, त्यामुळे तो अनुक्रमणिका बनवून देऊ शकत नाही आणि 'फक्त तक्ते दाखव' म्हटलं तरी त्याला कळत नाही. मार्कअप म्हणजे मजकुरातच खुणा घालायच्या की इथून इथपर्यंत मथळा, ही तळटीप, हा तक्ता, ही चित्राखालची ओळ. ते दिसायला कसं पाहिजे हे वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं. एकदा हे झालं की त्याच फाईलमधून छपाईची पानं, वेबसाईट, ईबुक आणि वाचून दाखवणारी आवृत्ती अशी चारही कामं निघतात, दरवेळी पुन्हा कंपोझिंग करत बसायला लागत नाही.

ही कल्पना आमची नाही आणि नवी तर अजिबात नाही. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे वकिलांच्या ऑफिसातली कागदपत्रं कॉम्प्युटरवर कशी सांभाळायची यावर काम करत होते, त्यातून जीएमएल ही मार्कअप लिहायची पद्धत आली आणि पुढं १९८६ मध्ये तिचं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. मग लोकांना वाटलं की नुसता मजकूर कशाला, आवाज, चित्र, व्हिडिओ सगळंच एकमेकांना जोडता आलं पाहिजे. त्यासाठी १९९२ मध्ये हायटाईम नावाचं मानक आलं, त्याची सुरुवात गंमत म्हणजे संगीताचं नोटेशन कॉम्प्युटरवर कसं लिहायचं यातून झाली होती, आणि संगीत म्हटलं की वेळ आलीच, म्हणून 'गाण्याच्या अमुक सेकंदाला तमुक ओळ' अशी जोडणी करायची सोय त्यात पहिल्यापासून होती. शिवाय ज्या कागदपत्राला लिंक द्यायची त्याला हात न लावता लिंका बाहेर वेगळ्या ठेवता यायच्या. डोकं लावून केलेलं काम होतं, पण इतकं अवघड की ते पूर्णपणे चालवणारी सॉफ्टवेअर फारशी झालीच नाहीत.

तेवढ्यात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल, म्हणजे वेबपानांसाठीचं मार्कअप, काढलं, मोजक्या खुणा आणि एकाच बाजूने जाणारी साधी लिंक, समोरचं पान हलवलं की लिंक तुटलीच. जाणकारांना ते कच्चं वाटायचं, आणि होतंही, पण कुणालाही एका दुपारी शिकता यायचं आणि आमच्या मते तिथंच निकाल लागला. १९९८ मध्ये एसजीएमएलची सुटसुटीत आवृत्ती म्हणून एक्सएमएल आलं. ते तुम्ही रोज वापरता, वर्डची डॉकएक्स फाईल आतून एक्सएमएलच आहे. त्या बाहेर ठेवलेल्या लिंकांची कल्पना पण वाया गेली नाही, ठराविक मोठ्या कंपन्यांना ताळेबंद एक्सबीआरएल या एक्सएमएलवरच्या हिशेबाच्या फॉरमॅटमध्ये भरायला लागतो ना, त्यात ती चालते, तुमच्या सीएला विचारा.

आता आपल्या कामाचं. मशीनच्या मॅन्युअलमध्ये 'बेल्ट बदलणे' अशी पायरी आहे आणि तुमच्या साईटवर त्याचा व्हिडिओ आहे, तर व्हिडिओच्या पत्त्याच्या शेवटी हॅश, टी, बरोबर आणि ९० एवढं लिहिलं की व्हिडिओ थेट नव्वदाव्या सेकंदाला उघडतो, ग्राहकाला आधीची ओळख-परेड बघत बसायला नको. याचं मानक २०१२ पासून आहे आणि तरी कुणी वापरत नाही याचं आम्हाला नवल वाटतं. ईपब ३ या ईबुकच्या फॉरमॅटमध्ये तर कथेचं रेकॉर्डिंग आणि मजकूर असा जोडता येतो की आवाज पुढं जाईल तसं ते ते वाक्य रंगीत होत जातं, लहान मुलांच्या पुस्तकांना हे फार छान दिसतं, फक्त ज्यावर वाचणार त्या ॲपमध्ये ती सोय आहे का ते आधी बघायला लागतं.

आणि मराठीसाठी एक खास गोष्ट. पानाच्या सुरुवातीला 'भाषा मराठी' अशी एक छोटी खूण घालायची असते, ती बरेच वेबसाईटवाले घालतच नाहीत किंवा टेम्प्लेटमधली 'इंग्रजी'च तशीच राहते. ती बरोबर असली आणि फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असली तर ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या मराठी वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला कळतं की मराठी आवाज लावायचा.

सगळ्यांनाच हे पाहिजे असं नाही. लग्नपत्रिका, हँडबिल, एकदाच छापायचं निमंत्रण असेल तर पीडीएफ पुरे, उगाच खर्च करू नका, आम्हीच नाही म्हणू. पण वीस वर्षांचे दिवाळी अंक, दरवर्षी बदलणारा कॅटलॉग, संस्थेचे जुने अहवाल, पाठ्यपुस्तकं, यात पैसे वसूल होतात.

येताना पीडीएफबरोबर मूळ पेजमेकर किंवा वर्डची फाईल आणा, जुनी सीडी असेल तर ती पण, आणि तेव्हा वापरलेल्या फॉन्टचं नाव आठवत असेल तर लिहून आणा. युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तो बदलून घेता येतो पण रफार आणि जोडाक्षरं हमखास गडबडतात, त्यामुळे प्रूफ एकदा तुमच्या माणसानं वाचायलाच लागेल, तो वेळ धरून चाला. नवीन मजकूर टाईप करून घेताय तर टायपिस्टला एवढंच सांगा की मथळ्याला बोल्ड न करता वर्डमधली 'हेडिंग' स्टाईल लावायची, तेवढ्यानं आमचं काम कमी होतं आणि तुमचं बिल पण.