पन्नास हजारांनंतरचे तीन हजार

‘माझे डोपामाइन संपले आहे’ असे व्हिडिओ बनवणारी तरुण मंडळी हल्ली सर्रास म्हणतात. त्यावरचा उपायही तयार असतो. एक दिवस मोबाइल बंद ठेवायचा, गार पाण्याने आंघोळ करायची आणि कोऱ्या भिंतीकडे बघत बसायचे. याला म्हणे डोपामाइन डिटॉक्स. पण डोपामाइन हे मेंदूतले एक रसायन, ती काही गच्चीवरची टाकी नव्हे की दिवसभर नळ बंद ठेवला आणि भरली. मोबाइल लांब ठेवल्याने झोप सुधारत असेल तर उत्तमच, त्याचे श्रेय मात्र टाकीला देऊ नये. डोपामाइनला आनंदाचे रसायन म्हणणेही अर्धवटच आहे. मेंदूत त्याचे एक मुख्य काम हिशेबनिसाचे आहे, आणि युट्यूबवर पोट भरू पाहणारा माणूस का विझतो हे समजून घ्यायचे तर आधी या हिशेबनिसाची वही उघडायला हवी.

कामाने असे विझून जाणे म्हणजे ‘बर्नआउट’. हा शब्द मानसशास्त्रात १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी रुजवला. मोफत दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिथे तीन खुणा दिल्या आहेत: अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मन उडणे किंवा कडवट होणे आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ असे वाटणे. पहिल्या खुणेवर झोप आणि सुटी हा उतारा बऱ्यापैकी चालतो. व्हिडिओवाल्यांना छळते ती तिसरी. काम नीट होत असतानाही ते फसल्यासारखे का वाटते?

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग विद्यापीठात माकडांवर केलेले प्रयोग इथे कामाला येतात. माकडाच्या मेंदूत, मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागात, डोपामाइन सोडणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांच्याजवळ बारीक तार नेऊन एकेका पेशीचे विजेचे ठोके मोजले. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की पेशी भराभर ठोके देत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर गंमत झाली. दिवा लागताच पेशी उसळू लागल्या आणि रस मिळाल्यावर मात्र ढिम्म! रस तोच, थेंबही तेवढाच. दिवा लागूनही रस दिला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे नेहमीचे ठोकेसुद्धा थांबत. म्हणजे पेशी रस मोजत नव्हत्या. मिळालेले वजा अपेक्षित, ही वजाबाकी मोजत होत्या. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायान आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हा विचार गणितासकट मांडला.

गणित सातवीच्या मुलालाही जमेल असे आहे. त्याचे साधे रूप रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच दिले होते:

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + वेग × (मिळाले − जुनी अपेक्षा)

‘वेग’ म्हणजे एका अनुभवातून अपेक्षा किती हलते ते, शून्य ते एक यांच्या मधला आकडा. आपण ०.३ धरू.

समजा, घरगुती भांडी आणि यंत्रे दुरुस्त करायला शिकवणारे एक मराठी चॅनल आहे. आठवड्याला एक व्हिडिओ, सरासरी २,००० व्ह्यूज. एकदा ‘कुकरची शिट्टी का होत नाही’ हा व्हिडिओ चालतो आणि ५०,००० व्ह्यूज होतात. वजाबाकी ४८,०००, म्हणजे दिवाळीच. त्याच्या ०.३ पट म्हणजे १४,४००, तेवढी अपेक्षा वर सरकते आणि १६,४०० होते. पुढच्या आठवड्यात मिक्सरच्या कपलरचा व्हिडिओ येतो, त्याला ३,००० व्ह्यूज. खरे तर जुन्या सरासरीच्या दीडपट! पण वहीत नोंद होते उणे १३,४००. अपेक्षा उतरून १२,३८० वर येते. त्याच्या पुढच्यालाही ३,०००, नोंद उणे ९,३८०. त्यानंतर उणे ६,५६६, मग उणे ४,५९६. दर वेळी फरक ०.७ पटीने घटतो, त्यामुळे तो पाचशेच्या आत यायला पूर्ण दहा व्हिडिओ लागतात. म्हणजे दहा आठवडे सलग नापास. चॅनल दीडपट वाढलेले असताना!

बर्नआउटची तिसरी खूण अशी तयार होते, असे माझे मत आहे. तासांचा हिशेब याच्या नंतर येतो.

इथे थोडे खोलात जाऊ, ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. डोपामाइन पेशी स्वस्थ असताना सेकंदाला साधारण तीन ते पाच ठोके देतात. आनंदाचा धक्का बसला की हा दर कितीतरी पट वर जाऊ शकतो. निराशेत खाली जाऊन जाऊन किती जाणार? शून्यापर्यंत. वर भरपूर जागा आणि खाली वीतभर. मग ‘थोडे कमी’ आणि ‘खूप कमी’ यांत पेशी फरक कसा करतात? एक उत्तर असे की शांततेची खोली वाढवता येत नाही म्हणून लांबी वाढते. निराशा मोठी तितका ठोक्यांतला खंड लांब. दुसरे असे की सगळ्या पेशींचा ‘वेग’ सारखा नसतो. काही पेशी चांगल्या बातमीने जास्त हलतात, काही वाईट बातमीने, त्यामुळे मेंदूत एकच अपेक्षा न राहता आशावादीपासून निराशावादीपर्यंत अपेक्षांची पूर्ण रांग राहते. २०२० मध्ये उंदरांवरच्या नोंदींतून याला पुष्टी मिळाली. तेव्हा वरचे ०.३ हे समजावण्यापुरते आहे. कुणाच्या मेंदूत तो आकडा कोरलेला नाही, आणि माकडाच्या रसाच्या थेंबापासून माणसाच्या खचण्यापर्यंतचा पल्ला मोठा आहे हेही ध्यानात असू द्यावे.

आता यात युट्यूब काय भर घालते ते पाहा. चॅनलचे आकडे दाखवणाऱ्या युट्यूब स्टुडिओमध्ये नव्या व्हिडिओचा क्रम दाखवतात, गेल्या दहांमध्ये कितवा. समजा तुमच्या कामात काडीचाही फरक पडला नाही, व्ह्यूज निव्वळ योगायोगाने कमीजास्त होत आहेत. तरी नवा व्हिडिओ पहिला येण्याची शक्यता दहात एक आणि खालच्या पाचांत जाण्याची दहात पाच. म्हणजे निम्म्या वेळा ‘मागे पडलात’ असे दिसणार हे अंकगणितानेच ठरलेले आहे. शिवाय व्ह्यूज माणसांच्या उंचीसारखे सरासरीभोवती गोळा होत नाहीत. बहुतेक व्हिडिओ तळाशी आणि एखादाच आभाळात, अशी त्यांची मांडणी असते. नऊ व्हिडिओंना २,५०० आणि एकाला ५०,००० व्ह्यूज मिळाले तर सरासरी ७,२५० येते, जी दहांपैकी एकाही व्हिडिओच्या आसपास फिरकत नाही.

अशा अंधारात माणूस कारणे शोधतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. कबुतर काहीही करो, दाणे आपल्या वेळेवर पडत. आठपैकी सहा कबुतरांनी आपापले कर्मकांड शोधून काढले. एक स्वतःभोवती गिरक्या घेई, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोके खुपसे. दाणा पडला तेव्हा योगायोगाने जे चालू होते, तेच ‘चालले’ असे त्याला वाटले. गुरुवारी संध्याकाळी ७ वाजून ११ मिनिटांनीच अपलोड करणारे, थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या मुखचित्रावर, लाल बाण नसेल तर धास्तावणारे आणि अंकशास्त्र्याला पैसे देऊन चॅनलच्या नावात एक जादा अक्षर घुसवणारे यांची जातकुळी त्या कबुतरांचीच. ‘अल्गोरिदम रुसला’, म्हणजे कोणता व्हिडिओ कुणाला दाखवायचा ते ठरवणारी युट्यूबची यंत्रणा रुसली, हेही त्यातलेच. व्हायरल व्हिडिओनंतरचा व्हिडिओ पडतो याला रुसवा लागत नाही. एखादा निकाल फार वर गेला की पुढचा बहुधा सरासरीकडे परततो, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून दाखवले होते.

छंदाचा धंदा करताना आणखी एक गोष्ट घडते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली स्केचपेनने आवडीने चित्रे काढणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यावर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिले, काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले तर ज्यांना बक्षीस आधीच कबूल केले होते ती मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी शाबूत होती.

मग पैशाचे बघू. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यूज. आपल्या कुकरवाल्या चॅनलचे आठवड्याला ३,००० व्ह्यूज, म्हणजे वर्षाला १,५६,०००. सरासरी चार मिनिटे पाहिले तर १०,४०० तास होतात, तासांची अट सहज पुरी. जाहिरातीतला चॅनलचा वाटा मोठ्या व्हिडिओंना ५५ टक्के, शॉर्ट्सना ४५ टक्के. हा वाटा धरून हजार व्ह्यूजमागे ३० रुपये हाती येतात असे मानू (खरा आकडा भाषा, विषय आणि प्रेक्षकांचा देश यांनुसार बदलतो, तो स्टुडिओत ‘आरपीएम’ नावाने दिसतो, तोच घालून हिशेब करावा). वर्षाचे झाले ४,६८० रुपये. पैसे खात्यात जमा व्हायला किमान १०० डॉलर साठावे लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी बँकेत दमडीही नाही.

आणि वेळ? नऊ मिनिटांच्या व्हिडिओला विषय तपासून घ्यायला ४ तास, लिखाण ५, शूटिंग ४, एडिटिंग ९, थंबनेल आणि शीर्षक दीड, अपलोड आणि कॉमेंटना उत्तरे दीड: एकूण २५. शूटिंग एका तासात का आटपत नाही? कुकरची वाफ लेन्सवर बसते, गॅसचा सूं आवाज कॉलरच्या माइकमध्ये घुसतो आणि कडक झालेली रबरी रिंग दाखवायला कुकर थंड होईपर्यंत थांबावे लागते. वर्षाचे १,३०० तास, म्हणजे तासाला साडेतीन रुपयांच्या आसपास. ५०,००० व्ह्यूजचा तो गाजलेला व्हिडिओ १,५०० रुपये देऊन गेला. म्हणून नोकरी सोडण्याचा निर्णय व्ह्यूजवर घेऊ नये. सहा ते आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि व्हिडिओबाहेरचे एक तरी उत्पन्न ठरलेले असावे: दुरुस्तीची कामे, सुटे भाग विकणे, दुसऱ्यांचे एडिटिंग.

हिशेबनिसाशी कसे वागायचे याचे उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. अपलोड करण्यापूर्वी अंदाज कागदावर लिहावा, एकच आकडा न लिहिता पट्टा लिहावा: ‘२८ दिवसांत १,५०० ते ६,०००’. तुलना सरासरीशी न करता गेल्या वीस व्हिडिओंच्या मधल्या आकड्याशी करावी. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दहावा व अकरावा यांच्या मधला घ्यायचा. व्ह्यूज बेरजेत न मोजता पटीत मोजावेत. पटीच्या मोजमापात तोच ०.३ वेग धरला तर ५०,००० च्या धक्क्याने २,००० ची अपेक्षा १६,४०० वर उडत नाही, ५,२५० च्या आसपासच थांबते. आकडे दोनदाच बघावेत, ४८ तासांनी आणि २८ दिवसांनी. स्टुडिओचे अॅप फोनवरून काढून टाकावे. दर पाच मिनिटांनी ताजे करून पाहणे म्हणजे जुगाराच्या यंत्राचा दांडा ओढणे. बक्षीस कधी येईल ते ठाऊक नसले की हात थांबत नाही, हेही स्किनरच्याच प्रयोगशाळेतले.

आणि चार तयार व्हिडिओंचा साठा ठेवावा, म्हणजे चार आठवडे नवे काम न करताही प्रसारण चालू राहते. हा साठा कधी फुटतो ते सांगतो. आजारपणात किंवा सणात तो फुटत नाही, त्यासाठी तर तो असतो. फुटतो तो एखादा व्हिडिओ गाजल्यावर. ‘तवा तापलाय तोवर पोळ्या भाजून घेऊ’ म्हणत चारही व्हिडिओ एका आठवड्यात सोडले जातात, प्रत्येकाला ३,००० मिळतात, आणि अपेक्षा सर्वांत वर असताना साठा शून्यावर येतो. त्यामुळे गाजलेल्या व्हिडिओनंतरचे २८ दिवस साठ्याला हात लावायचा नाही, हा नियम आधीच भिंतीवर लावून ठेवलेला बरा.

एक वेगळी गोष्ट. दोनतीन आठवडे काम पूर्ण थांबवूनही झोप आणि भूक ताळ्यावर येत नसेल, व्हिडिओ सोडून बाकी कशातही मन लागत नसेल, तर तो बर्नआउट नसून नैराश्य असू शकते. त्याला साठा आणि पट्टे उपयोगाचे नाहीत, डॉक्टरच हवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.