'अर्जुन' म्हणजे लेपर्डची नक्कल नव्हे

अर्जुन रणगाडा म्हणजे जर्मन लेपर्ड-२ची नक्कल, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. लेपर्डच्या जुन्या आवृत्त्यांसारखाच याचा टरेटही (तोफेचा फिरता बुरूज) चौकोनी, हे खरं. पण तोफेत डोकावून बघा. दोन्ही तोफा १२० मिमीच्या. लेपर्डची नळी आतून गुळगुळीत, अर्जुनच्या नळीत मात्र पिळदार खाचा. त्यामुळे गोळा गरगर फिरत सुटतो आणि बंकर फोडणारे 'हेश' गोळेही अचूक डागता येतात. सस्पेन्शन वेगळं: तिकडे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन धक्के झेलणारे पोलादी दांडे; इकडे हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि दाबलेल्या वायूवर चालणारं. 'कांचन' चिलखत तर हैदराबादचं. आयात भागांवरची टीका रास्तच आहे, इंजिन जर्मन आहे. पण तेही १४०० अश्वशक्तीचं. लेपर्डचं १५०० अश्वशक्तीचं इंजिन निराळं. आराखडा चेन्नईजवळच्या अवाडीत तयार झाला, हे श्रेय तिथल्या अभियंत्यांचंच.