पार्श्वभूमी : विज्ञान पुरस्कारांतून रोख रक्कम कशी गेली

पंचेचाळिशीपर्यंतच्या शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या भटनागर पुरस्कारांची यादी २६ सप्टेंबरला जाहीर करायची प्रथा होती. २०२२ मध्ये त्या दिवशी यादी आलीच नाही. त्याच महिन्यात केंद्रीय पातळीवर सगळ्या विज्ञान खात्यांच्या पुरस्कारांची झाडाझडती झाली होती आणि त्यांची संख्या एकदम कमी करायचं ठरत होतं. अडलेली यादी ११ सप्टेंबर २०२३ ला आली, १२ नावांची. पाठोपाठ राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार ही नवी चौकट जाहीर झाली आणि १९५८ पासून दिला जाणारा भटनागर पुरस्कार तिच्यातल्या ‘विज्ञान युवा’ गटाच्या नावापुरता उरला.

वाद झाला तो पैशावरून. जुन्या भटनागर पुरस्कारात रोख रक्कम मिळायची, नव्यात ती गेली. बातम्यांत जुन्या पुरस्काराच्या ५ लाखांचा आकडा गाजला, पण खरी रक्कम त्यासोबतच्या मानधनात होती : दरमहा १५ हजार, वयाच्या ६५ पर्यंत. पंचेचाळिशीत पुरस्कार मिळालेल्याला २० वर्षांत ३६ लाख, चाळिशीत मिळालेल्याला ४५ लाख. जितक्या लवकर निवड, तितका जास्त लाभ. पंचेचाळिशीची अट नव्या युवा गटातही आहे, पण हातात पडतात ती सनद आणि पदक. साचा उघडच पद्म पुरस्कारांचा आहे, तिथेही रोख रक्कम नसते. मात्र पद्म बहुतेकदा कारकीर्द उभी राहिल्यावर मिळतो. भटनागर मिळायचा तो ऐन उमेदीत, प्रयोगशाळा वाढवण्याच्या वर्षांत. हा फरक निर्णय घेताना फारसा मोजलेला दिसत नाही.

जमेची बाजूही आहे. जुन्या ७ शाखांच्या जागी १३ क्षेत्रं आली, अणुऊर्जा आणि अवकाश धरून. परदेशस्थ भारतीय वंशाचे संशोधकही पात्र झाले आणि तीन किंवा अधिक जणांच्या चमूसाठी वेगळा गट झाला. दरवर्षीची कमाल मर्यादा गटवार अशी : रत्न (आयुष्यभराच्या कामासाठी) ३, श्री (विशेष योगदानासाठी) २५, युवा २५, चमू ३, एकूण ५६. प्रत्यक्षात २०२४ मध्ये ३३ पुरस्कार दिले गेले. त्यात रत्न एकच, चमूही एकच, चांद्रयान-३ चा.

वेळापत्रक मात्र पहिल्यापासूनच घसरलं. घोषणा ११ मे ला आणि वितरण २३ ऑगस्टला, असं ठरलं होतं. २०२४ ची यादी ७ ऑगस्टला लागली, वितरण २२ ऑगस्टला उरकलं. २०२५ ची यादी यायला ऑक्टोबर उजाडला.