टर्कीचे घड्याळ

‘गर्दुल्ल्याने मोबाइल हिसकावला’ अशा मथळ्याची बातमी मुंबईत वर्षानुवर्षे छापून येते आणि वाचणारा एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो: नशा माणसाला गुन्हेगार बनवते. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन. पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढला की माणूस पेंगतो, श्वास मंदावतो, भूक मरते. या अवस्थेत लोकलच्या दारातून हात मारायची चपळाई कुठून येणार? चोरी होते ती नशा उतरल्यावर.

पॉल गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली अमली पदार्थांपासून हिंसेकडे जाणाऱ्या तीन वाटा वेगळ्या केल्या. पहिली, पदार्थाचा मेंदूवरचा थेट परिणाम. दुसरी, तो विकत घेण्यासाठी लागणारा पैसा. तिसरी, बेकायदा बाजारातली भांडणे; तिथे कुणी फसवले तर कोर्टात जाता येत नाही. पुढे त्याने सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमधले १९८८ सालचे ४१४ खून तपासले. ते ऐन क्रॅक कोकेनच्या लाटेचे वर्ष. निम्म्याहून थोडे अधिक खून दारू किंवा अमली पदार्थांशी जोडलेले निघाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश तिसऱ्या वाटेचे होते. पहिल्या वाटेवरचे बरेच कमी, आणि त्यांतही मोठा वाटा दारूचा, म्हणजे दुकानात उघड मिळणाऱ्या पदार्थाचा!

गर्दच्या चोऱ्या दुसऱ्या वाटेवरच्या. तिचे मूळ मेंदूच्या देठात, लोकस सेरुलियस नावाच्या निळसर ठिपक्यात सापडते. इथल्या पेशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. जाग, भीती, घाम, छातीतली धडधड यांच्याशी या रसायनाचा जवळचा संबंध आहे. पेशीवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे रेणू पकडणाऱ्या खाचेवर, अफूच्या कुळातला रेणू बसला की आतले अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर मंदावते, सायक्लिक एएमपी हा निरोप्या घटतो आणि पेशी थंडावते. रोजच असे होऊ लागले की पेशी भरपाई करते: या निरोप्याची यंत्रणाच वाढवून ठेवते. हेरॉइनच्या दाबाखाली ताठ उभे राहायला तिने मागून लावलेला हा टेकू समजा. म्हणून तीच पुडी पुरेनाशी होते. आणि एके दिवशी दाब निघून गेला की तोच टेकू पेशीला पुढे लोटतो. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. नशा तुटल्यावर येणारा हा त्रास म्हणजेच टर्की.

तिचे वेळापत्रक ठरलेले असते. हेरॉइन रक्तात काही मिनिटेच टिकते आणि त्याचे मॉर्फिन होते. मॉर्फिनचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचे, त्यामुळे नशा चार-पाच तासांत ओसरते. आठ ते बारा तासांत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा; मग पोटात कळा, जुलाब, उलट्या, हाडे फुटल्यासारखे दुखणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सारे शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात उतरते. सकाळी पुडी हाताशी नसलेल्या माणसाकडे काही तासच असतात, आणि पुडीचा भाव काळा बाजार ठरवतो.

हे खरे असेल तर नुसते घड्याळ बदलून चोऱ्या कमी व्हायला हव्यात. घड्याळ बदलते ब्युप्रेनॉर्फिनने. हा रेणू रिसेप्टरला हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतो, पण त्याला अर्धवटच चालू करतो. टर्की थांबते, आणि श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. परिणाम दिवसभर टिकतो. भारतात नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांवर ही गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घेतात. ती विरघळेपर्यंत लाळ गिळायची नाही, कारण पोटात गेलेले बहुतेक औषध यकृतच संपवून टाकते.

चूक होते ती पहिल्या डोसला. शेवटच्या गर्दनंतर निदान १२ तास जावे लागतात आणि टर्कीची चिन्हे दिसावी लागतात. घाईने दिली तर गोळी हेरॉइनला ढकलून त्याची जागा बळकावते, पण काम अर्धेच करते. टेकू तसाच असतो, दाब एकदम कमी होतो, आणि थोड्याच वेळात भयंकर टर्की येते. रुग्ण पळून जातो आणि गोळीच वाईट असे चार जणांना सांगतो.

स्वित्झर्लंड आणखी पुढे गेले. झुरिकच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत उघड्यावर चालणारा हेरॉइनचा बाजार १९९२ साली बंद केला, तर तो जवळच्या लेटन स्थानकात गेला. १९९४ पासून, इतर उपचार फसलेल्या रुग्णांना दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली शुद्ध हेरॉइनच देऊ लागले. रेणू तोच, माणसे तीच. फरक पडला भावात आणि वेळेत. त्यांच्या चोऱ्या ठळकपणे घटल्या, पोलिसांच्या नोंदींतसुद्धा. हेरॉइनच चोर बनवत असते, तर असे घडले नसते.

पण म्हणून गर्द निरुपद्रवी ठरत नाही. कोठडीत महिनाभर राहिलेल्याचा टेकू निघून जातो. सुटल्यावर जुन्याच मापाने ओढले किंवा टोचले तर श्वास थांबतो. तेव्हा नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनला रिसेप्टरवरून हटवून श्वास परत आणणारे औषध, हाताशी हवे. अंगारे, गंडे आणि ‘न सांगता जेवणात मिसळा’ अशी जाहिरात करणारी चूर्णे टेकू काढत नाहीत. अशा चूर्णात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वर दारू प्यायली, तर दारूपासून बनणारे विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून रक्तदाब कोसळतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणे हेही जिवावर बेतते. झटके आणि भ्रम येऊन माणूस मरू शकतो. गर्दची टर्की असह्य असते, पण तिच्याने मृत्यू क्वचितच येतो.

एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, मात्र हे घड्याळ लागू पडत नाही. ते डोपामिनचा पूर आणते, रात्रीमागून रात्री जागवते, आणि जागरण वाढले की संशयाने डोके फिरते. इथे पहिली वाटही उघडते, आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी, त्याची जागा घेऊन दिवस निभावून नेणारी गोळी त्याच्यासाठी अजून नाही.