रिकाम्या खुर्चीचा तोटा कुणाचा? ‘पहिल्या स्वतंत्र दौऱ्या’ची पार्श्वभूमी

पॉप गायक-गायिकांच्या फ्लेक्सवर ‘पहिलाच स्वतंत्र दौरा’ अशी ओळ हल्ली सर्रास दिसते, आणि दर वेळी तिच्यावरून कुणीतरी भांडतंच. ‘पहिलाच कसला? मागच्या गणपतीत विश्रामबागला गाऊन गेली की ही!’ हा सांगलीतला ठरलेला आक्षेप. तो खोटा नसतो आणि फ्लेक्सही खोटा नसतो. घोळ शब्दात आहे.

मुख्य कलाकार म्हणून स्वतःच्या नावावर काढलेल्या दौऱ्याला इंग्रजीत ‘हेडलाइन’ म्हणतात, त्याला आपल्याकडे धड शब्द नाही. ‘एकल’ म्हणावं तर मंचावर सात-आठ वादक असतात. ‘सोलो’ म्हणावं तर ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत सोलो म्हणजे ड्युएट नसलेलं गाणं. ‘तुला दोन सोलो, एक ड्युएट’ असा हिशेब तिथं चालतो. ‘मुख्य गायक’ म्हणजे आमच्याकडे किशोरची गाणी म्हणणारा, मग त्याचं नाव पोस्टरवर असो वा नसो. राहता राहिला ‘स्वतंत्र’. पण कुणापासून स्वतंत्र?

माझ्या मते यातून सुटायचा एकच रस्ता आहे: कार्यक्रमाला खुर्ची रिकामी राहिली तर भुर्दंड कुणाला, ते विचारायचं. मंडळानं, कारखान्यानं किंवा कॉलेजनं ठरलेली रक्कम देऊन गायकाला बोलावलं, तर ती सुपारी. समोर पाच हजार माणसं असोत नाहीतर पन्नास, गायकाचे पैसे ठरलेले. लोक नाव वाचून, खिशात हात घालून, तिकीट काढून येतात आणि आले नाहीत तर गायकाच्या बाजूला खड्डा पडतो, तेव्हा तो त्याचा स्वतःचा दौरा. पोस्टरवरच्या अक्षरांचा आकार नंतरची गोष्ट.

हा घोळ फक्त आपल्याकडचा आहे असं नाही. मायकेल जॅक्सनचा ‘पहिला’ दौरा म्हणून १९८७ चा ‘बॅड’ दौरा सांगतात. १२ सप्टेंबर १९८७ ला टोकियोत सुरू झाला, २७ जानेवारी १९८९ ला लॉस एंजेलिसला संपला. १५ देश, १२३ कार्यक्रम, सुमारे ४४ लाख प्रेक्षक. पण तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि लहानपणापासून भावांबरोबर गावोगाव गात आला होता. १९८४ च्या भावंडांच्या दौऱ्यात तर ५५ कार्यक्रम झाले आणि गर्दी खेचणारा कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तो हिशेबात धरत नाहीत. त्या दौऱ्यातलं भांडणही तिकिटाचंच. ३० डॉलरचं एक तिकीट, पण एका वेळी चार घ्यायचीच, तीही टपालानं पैसे आगाऊ पाठवून. एका लहान मुलीनं पत्र लिहून तक्रार केली, बोभाटा झाला, पद्धत बदलावी लागली आणि जॅक्सननं आपला वाटा धर्मादाय कामांना देऊन टाकला. लोक नाव एकाचं बघत होते आणि व्यवहार भलतेच ठरवत होते. अशा दौऱ्याला त्याचा म्हणायचं नाही, हे मला पटतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे आधी दुसऱ्याच्या दौऱ्यात सुरुवातीची अर्धा-पाऊण तास गाणी म्हणायची. टेलर स्विफ्टनं हे बरेच दिवस केलं आणि २३ एप्रिल २००९ ला इव्हान्सव्हिल नावाच्या मध्यम गावातून स्वतःच्या नावाचा पहिला दौरा काढला. मोठ्या शहरातून सुरुवात केली नाही, हे लक्षात घ्या.

सांगलीकरांना खरं तर यात नवल वाटू नये. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाची गोष्ट इथं शाळकरी पोरालाही पाठ असते, ती पुन्हा सांगत नाही. तिच्यापुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले, संस्थानचा आधार आटला, आणि विष्णुदास भाव्यांना मंडळी घेऊन गाव सोडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे मराठी रंगभूमीचा पहिला दौरा हौसेनं निघाला नव्हता, राजाश्रय संपल्यामुळे निघाला होता. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १८९६ मध्ये मिरज सोडली ती मात्र आपण होऊन. पुढं सौराष्ट्रात त्यांनी नाममात्र दर ठेवून सर्वांसाठी गाणं केलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. दरबारातली बिदागी सोडून तिकिटावर उभं राहणं हे तेव्हाच्या गवयाला किती खाली उतरल्यासारखं वाटत असेल, याची आज कल्पना येणार नाही.

मधली शंभर वर्षं सोडून मी थेट ऑर्केस्ट्रावर येतो, कारण तो काळ मी पाहिलेला आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकात आमच्या भागात पॉप म्हणा, फिल्मी म्हणा, जे काही ‘लाइव्ह’ ऐकायला मिळायचं ते ऑर्केस्ट्रातून. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी, पुणे इथले संच. मेटॅडोरमधून माणसं आणि स्पीकर एकत्रच यायचे. नाव संचाचं असायचं, गायकाचं नाही. गायक होते ‘व्हॉइस ऑफ’ अमुक नाहीतर ‘ज्युनिअर’ तमुक. वीस-वीस वर्षं गायलेल्या माणसाला स्वतःच्या नावानं कुणी ओळखत नसे.

१९९६ च्या गणपतीत आमच्या मंडळानं असाच एक संच ठरवला. सहा हजारांची सुपारी, दोन हजार विसार. संचात ‘ज्युनिअर मायकेल’ होता, कारण खरा मायकेल दीड-दोन महिन्यांत मुंबईला यायचा होता आणि पेपरात रोज त्याच्याच बातम्या. पोरगा संध्याकाळी पाचला आला, मंचावर चढला आणि बूट काढून सतरंजीवर पाय घासून बघायला लागला. म्हणाला, ‘ह्याच्यावर माझं मागं सरकणं व्हायचं नाही. प्लायवूड पाहिजे.’ आमच्या खजिनदारकाकांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘गाण्याला प्लायवूड?’ शेवटी शेजारच्या सुताराकडून आठ बाय चारचा एक तक्ता भाड्यानं आणला आणि फळ्यांवर चार खिळ्यांनी ठोकला. पावसाची भुरभुर चालू होती, कीबोर्डवर प्लास्टिक टाकलेलं. रात्री अकराला तो त्या ओल्या तक्त्यावरून असा सरकला की गल्लीच्या गच्च्या शिट्ट्यांनी दणाणल्या. लोकांनी तीनदा फर्माईश केली. जाताना त्याला संचाच्या मालकानं किती दिले ते मला ठाऊक आहे, इथं लिहायची लाज वाटते. त्याचं खरं नाव काय होतं, ते आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही.

तो खरा मायकेल १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला. आमच्यातले दोघे जाऊन आले आणि पुढं सहा महिने तेच सांगत होते. पण महाराष्ट्रातल्या तिकिटाच्या इतिहासात त्या रात्रीपेक्षा महत्त्वाचा ठरला तो करमणूक कराचा निर्णय, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

करमणूक कर हा १९२३ च्या कायद्याचा. तमाशाच्या कनातीपासून सिनेमापर्यंत तिकीट विकणारा प्रत्येकजण या खात्याला वचकून असायचा. सूट देण्याची तरतूद कायद्यात होती आणि तिचा उपयोगही होत असे. मुंबईच्या कार्यक्रमाचं उत्पन्न तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाशी जोडलेल्या, तरुणांना रोजगार देण्यासाठी काढलेल्या एका संस्थेसाठी होतं. सरकारनं कर माफ केला. ही रक्कम सव्वातीन कोटींहून अधिक. ग्राहकांची एक संघटना न्यायालयात गेली. सूट देता येते का हा प्रश्नच नव्हता, येतेच. प्रश्न होता तो इतक्या महागड्या पॉप कार्यक्रमाला ती का द्यायची, हा. रक्कम न्यायालयात अडकून पडली. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं सूट रद्द केली. निर्णय नीट विचार करून घेतलेला नाही, सरकारनं तो पुन्हा घ्यावा, असं सांगितलं. आणि पुन्हा घेतला गेला तो जानेवारी २०२१ मध्ये, तोच पक्ष मुख्यमंत्रिपदावर असताना: सूट कायम. गायक जाऊन अकरा वर्षं होऊन गेली होती. ज्या कराबद्दल भांडण, तो करही २०१७ मध्ये जीएसटीत विरून गेला होता.

माफीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की अशा कार्यक्रमामुळे शहराचं नाव होतं, हजारो हातांना काम मिळतं. मिळत असेल. पण त्याच वर्षांत आमच्या नाट्यगृहात दहा-वीस रुपयांचं तिकीट लावून भावगीतांचा कार्यक्रम करणाऱ्याला परवानगीच्या कागदांसाठी किती चकरा माराव्या लागत, हे मी पाहिलंय. त्यामुळेच बहुतेकांनी तिकिटाचा नाद सोडला आणि सुपारीला जवळ केलं. प्रेक्षकाला सगळं फुकट बघायची सवय लागली ती अशी.

ही फुकटची व्यवस्था मोडली ती कलेमुळे नाही, घड्याळामुळे. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, यांनी उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद झाले. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या यांत जातात. आमच्याकडे माणसं जेवणखाण आटोपून साडेनऊला घराबाहेर पडायची, ऑर्केस्ट्रा रंगायचा अकराला. दहाला बंद म्हटल्यावर रंगायचं कधी? शिवाय तोवर डॉल्बी आली होती. एका पेनड्राइव्हात सगळे ज्युनिअर मावत होते. संच एकेक करून मोडले. कीबोर्डवाले शिकवण्या घ्यायला लागले, गायक ट्रॅकवर लग्नात गायला लागले.

बंद सभागृहाला मात्र हा नियम तसाच लागू नाही. म्हणून कार्यक्रम पुन्हा नाट्यगृहात शिरला, आणि नाट्यगृहात शिरला की तिकीट आलंच. त्यात २००८-०९ च्या सुमारास मराठी वाहिनीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेनं एक मोठं काम केलं: गायकांची खरी नावं घराघरात नेली. पुढं मोबाइलवर स्वतःची गाणी टाकणारी पिढी आली. त्यांना कुणाचा ज्युनिअर व्हायची गरज उरली नाही. आजचा ‘स्वतंत्र दौरा’ यातून निघालेला आहे.

आता त्याचं गणित. मैफलीच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. ६०० चं तिकीट प्रेक्षकाला ७०८ ला पडतं. म्हणून सांगलीसारख्या गावातली बहुतेक तिकिटं ४९९ नाहीतर ५०० ला येऊन थांबतात. समजा सभागृहात आठशे खुर्च्या आहेत. शेवटची खुर्ची गेली तरी गल्ला चार लाख. त्यात भाडं, ध्वनी, प्रकाश, मागचा एलईडी पडदा, आठ वादकांचा प्रवास आणि मुक्काम. पुण्याला हीच तिकिटं दोन हजारांपर्यंत खपवता येतात. त्यामुळे पुणे-मुंबईत गायकाची मंडळी स्वतः धोका पत्करतात आणि सांगली-साताऱ्याला कार्यक्रम ‘मिनिमम गॅरंटी’वर विकतात. इथला आयोजक ठरलेली रक्कम आधी मोजतो, वर उरलं तर त्याचं, कमी पडलं तरी त्याचंच. नाटक कंपन्यांचे प्रयोग ठेक्यानं घेणारे गावोगावचे कंत्राटदार नेमकं हेच करायचे.

म्हणजे माझीच कसोटी लावली तर तोच दौरा पुण्यात स्वतंत्र आणि सांगलीत सुपारी. फ्लेक्स मात्र दोन्हीकडं एकच लागतो. यावर माझ्या ओळखीच्या एका आयोजकाचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, ‘तिकीट कुणी फाडलं ते बघा, करार कशाला बघता? माणूस पाचशे देऊन आला ना? मग तो दौरा गायिकेचाच.’ त्याच्या बोलण्यातही तथ्य आहे, पण मागच्या खेपेला तोटा त्याला झाला, तिला नाही.

आणि तोटा कशात झाला, तर पुढच्या दोन रांगांत. तिथं पांढरे अभ्रे घातलेले सोफे ठेवावे लागतात, पास द्यावे लागतात: वॉर्डातले, पोलिसातले, वीज मंडळातले, पेपरातले. पास घेतलेल्यांपैकी निम्मे आले नाहीत. मागे पाचशे देऊन आलेली पोरं जिन्यात उभी राहिली, कारण सोफ्यावर बसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. गायिकेनं मध्येच विचारलं, ‘पुढं का बसत नाही कुणी?’ साउंडवाल्यानं तिच्या मॉनिटरचा आवाज थोडा वाढवला आणि पुढचं गाणं सुरू करायची खूण केली.